लागोसहून आक्राला जायचं असेल तर

नायजेरियातलं लागोस आणि घानाची राजधानी आक्रा, या दोन शहरांच्या विमानतळांमधलं हवाई अंतर ४०१ किलोमीटर आहे. मुंबईहून दाबोळीला जाणारं विमान याहून थोडं जास्तच अंतर कापतं. वेळापत्रकात या फेरीला तासभर ते तास-दहा मिनिटं दाखवलेली असतात आणि त्यातला प्रत्यक्ष हवेतला वेळ पाऊण तासाच्या आसपास असतो. हे आकडे खरे आहेत. पण त्यांच्यावर भिस्त ठेवून सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचा बेत आखू नका. लागोसमध्ये नोकरी-व्यवसायासाठी राहणाऱ्या आणि कंपनीच्या कामाने आक्राला जाव्या लागणाऱ्या मराठी माणसांची संख्या कमी नाही. पुण्याच्या बजाजची बॉक्सर मोटारसायकल नायजेरियाच्या रस्त्यारस्त्यावर दिसते, औषधं, यंत्रं, प्लास्टिक अशा कितीतरी धंद्यांत आपली माणसं तिथे आहेत. पहिल्यांदाच निघणाऱ्यांना बेत नीट आखता यावा, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी अंतराचं बघू. एका ठिकाणी ४०१ किलोमीटर दिसेल, दुसरीकडे २१६, तिसरीकडे ४६०. यातला २१६ हा आकडा समुद्री मैलांचा आहे, कारण विमानवाहतुकीत तेच माप चालतं. ४६० ते ४८० हे रस्त्याचं अंतर. काही ठिकाणी विमानतळाऐवजी शहराच्या मध्यापासून मोजलेलं असतं, त्यामुळे पाच-दहा किलोमीटरचा फरक पडतो. एक घोळ मात्र मोठा होऊ शकतो. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर लागोस नावाचं एक छोटं गाव आहे. अंतर मोजणाऱ्या साधनात नुसतं 'लागोस' टाकलं आणि उत्तर तीन-चार हजार किलोमीटर आलं, तर ते त्या गावापासूनचं आहे हे ओळखावं. तिकीट शोधताना विमानतळाचा तीन अक्षरी संकेत पाहिला की शंका उरत नाही. लागोसचा एलओएस, आक्राचा एसीसी.

हे अंतर स्वतः काढून पाहणंही अवघड नाही. विषुववृत्ताजवळ अक्षांश असो की रेखांश, एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. लागोसचा विमानतळ ६.५८ अंश उत्तर आणि ३.३२ अंश पूर्वेला आहे. आक्राचा ५.६१ उत्तर आणि ०.१७ पश्चिमेला. म्हणजे रेखांशात सुमारे साडेतीन अंशांचा आणि अक्षांशात एका अंशाहून किंचित कमी फरक. शाळेतलं पायथागोरसचं सूत्र लावलं की कर्ण ३.६ अंशांचा येतो, त्याला १११ ने गुणलं की चारशे. लांबच्या किंवा विषुववृत्तापासून दूरच्या शहरांना हा हिशोब चालत नाही, तिथे पृथ्वीची गोलाई धरावी लागते. पण गिनीच्या आखाताच्या या किनाऱ्यावरच्या शहरांना तो नीट लागू पडतो. आक्रा ते आबिजान असाच मोजला तर ४२० किलोमीटरच्या आसपास येतो. लागोस ते लोमे २३३ आणि लागोस ते कोटोनू जेमतेम १०६.

चारशे किलोमीटरला पाऊण तास का लागतो, असाही प्रश्न पडतो. जेट विमानाचा ताशी आठशे किलोमीटरचा वेग धरला तर अर्ध्या तासात पोचायला हवं. पण एवढ्या छोट्या पल्ल्यात विमान त्या वेगाने फार थोडा वेळ उडतं. वर चढण्यात पंधरा-वीस मिनिटं जातात आणि थोडं सरळ उडून झालं की खाली यायला लागतं. त्यात वाऱ्याची दिशा असते. या किनाऱ्यावर वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून लागोसहून विमान बहुतेकदा दक्षिणेकडे तोंड करून उडतं आणि मग पश्चिमेला वळतं. आक्राला पोचताना ते वळसा घेऊन ईशान्येकडून धावपट्टीवर उतरतं. शिवाय दोन्हीकडे धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्यात दहा-पंधरा मिनिटं जातात. वेळापत्रकातला तास-सव्वा तास असा भरतो. एखाद्या कंपनीने पन्नास मिनिटं लिहिली आणि दुसरीने सत्तर, म्हणून पहिलीचं विमान वेगवान ठरत नाही. दुसरीने हाताशी जास्त वेळ धरलेला असतो, एवढंच.

घड्याळाचा फरक मात्र नीट लक्षात ठेवावा लागतो, कारण मीटिंगा चुकतात त्या यामुळेच. लागोस ग्रीनिचच्या एक तास पुढे आहे, आक्रा ग्रीनिचच्याच वेळेवर चालतं. तेव्हा लागोसहून सकाळी दहाला निघालेलं विमान आक्राला स्थानिक वेळेनुसार दहाच्या सुमारासच उतरतं. जाताना काही वेळ गेलाच नाही असं वाटतं. परतीला तो तास भरून द्यावा लागतो. आक्राहून संध्याकाळी चारला निघालात तर लागोसच्या घड्याळात सहा वाजून गेलेले असतात, आणि लागोसमध्ये संध्याकाळी सहा ही शहरातल्या प्रवासाची सर्वांत वाईट वेळ. घरी फोन करताना भारतातून लागोस साडेचार तास मागे आणि आक्रा साडेपाच तास मागे, हे धरून चाला. तिकिटावर छापलेल्या वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक वेळा असतात. त्यांची नुसती वजाबाकी करून उड्डाणाचा कालावधी काढू नका, कारण जाताना तो जवळजवळ शून्य येईल आणि येताना दोन तास.

आता जमिनीवरचा वेळ. या प्रवासातला बराचसा वेळ लागोसमध्येच जातो, आणि बेत आखताना तिथेच हात सैल सोडायला हवा. मुर्तला मुहम्मद विमानतळ इकेजा भागात, म्हणजे मुख्य भूमीवर आहे. परदेशी कंपन्यांची बरीच कार्यालयं आणि भारतीयांची बरीच घरं व्हिक्टोरिया आयलंड, इकोयी, लेक्की अशा खाडीपलीकडच्या भागांत. मध्ये थर्ड मेनलँड ब्रिज. १९९० साली पूर्ण झालेला हा पूल जवळपास बारा किलोमीटर लांब आहे. पहाटे पाचला हा सगळा रस्ता पाऊण तासात संपतो. सकाळी सातनंतर त्यालाच दोन तास लागू शकतात आणि शुक्रवारी संध्याकाळी त्याहूनही जास्त. तिथे वाहतूक तुंबली की लोक 'गो-स्लो' म्हणतात. रोजच्या बोलण्यातला शब्द आहे तो, कारण गोष्टही रोजचीच आहे. सकाळी सहा-सातचं विमान असेल आणि घर लेक्कीला असेल, तर आदल्या रात्री इकेजाला मुक्काम करावा असं मी आग्रहाने सांगेन. हॉटेलचे पैसे जातात खरे, पण विमान चुकण्याचा धोका टळतो, आणि पहाटे तीनला अंधारात निघण्याचाही.

विमानतळावरही एक गोष्ट आधी विचारून घ्या. इकेजाला देशांतर्गत उड्डाणांचे टर्मिनल वेगळे आहेत आणि आंतरराष्ट्रीय वेगळे, आणि ते एकमेकांपासून पायी जाण्याइतके जवळ नाहीत. आक्राचं उड्डाण तासाभराचं असलं तरी ते आंतरराष्ट्रीय आहे. नायजेरियातलीच कंपनी असली, तिची अबुजाची विमानं देशांतर्गत टर्मिनलवरून सुटत असली, तरी आक्राचं विमान तिथून सुटत नाही. ड्रायव्हरला नुसतं 'एअरपोर्ट' सांगू नका, 'इंटरनॅशनल' म्हणा. आंतरराष्ट्रीय भागातही १९७९ चं जुनं टर्मिनल आहे आणि २०२२ मध्ये सुरू झालेलं नवं आहे. तुमचं कोणतं, ते निघण्याच्या आदल्या दिवशी कंपनीकडून पक्कं करून घ्या. तीन तास आधी पोचा. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, आणि त्याच्या आधी सामानाची तपासणी, नंतर इमिग्रेशनची रांग असते.

आक्राला पोचल्यावर मात्र दिलासा मिळतो. वर्षानुवर्षं कोटोका या नावाने ओळखला गेलेला तिथला विमानतळ शहराच्या आतच आहे. २०१८ मध्ये सुरू झालेलं तिसरं टर्मिनल मोठं, स्वच्छ आणि नीट चालणारं आहे. तिथून ओसूसारख्या मध्यवर्ती भागात जायला रस्ता मोकळा असेल तर वीसएक मिनिटं पुरतात. संध्याकाळी आक्राचीही वाहतूक तुंबते, पण लागोसच्या मानाने सुसह्य. इमिग्रेशन, सामान, टॅक्सी धरून विमान टेकल्यापासून दीड तासात हॉटेलवर पोचता येतं.

तर एकूण हिशोब असा होतो : व्हिक्टोरिया आयलंडच्या घरापासून विमानतळापर्यंत दोन तास, विमानतळावर तीन, विमानात एक, आक्रात दीड. साडेसात तास. विमानाला उशीर झाला, आणि तो वारंवार होतो, तर नऊ-दहा. म्हणून आक्राचं काम एका दिवसाचं असेल तरी मध्ये एक रात्र धरा. सकाळचं पहिलं विमान घ्या, कारण उशीर दिवसभर साठत जातो. तेच विमान त्याच दिवशी अनेक फेऱ्या करतं, आणि सकाळी अर्ध्या तासाने मागे पडलेली फेरी संध्याकाळपर्यंत दोन तासांवर जाते.

कागदपत्रांकडे वळतो. माझ्या मते विमानाच्या वेळेपेक्षा हा भाग महत्त्वाचा आहे, कारण विमान चुकलं तर दुसरं मिळतं, कागद अपुरे असतील तर प्रवासच अडतो.

पश्चिम आफ्रिकेतल्या देशांनी १९७५ च्या लागोस कराराने आपला आर्थिक समुदाय उभा केला आणि १९७९ च्या करारनाम्याने एकमेकांच्या नागरिकांना नव्वद दिवस व्हिसाशिवाय ये-जा मोकळी केली. त्यामुळे तुमचा नायजेरियन सहकारी व्हिसाशिवाय आक्राला जाऊ शकतो. तो तुम्हाला अगदी मनापासून सांगेल की व्हिसा लागत नाही, आणि त्याच्या बाबतीत ते खरंच असतं. भारतीय पासपोर्टवर ही सवलत नाही. घानाचा व्हिसा आधी हातात हवा.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक आहे. नायजेरियाचा तुमचा व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल, तर लागोसहून आक्राला गेलात की तो संपला. मग त्याची मुदत दोन महिने उरलेली असो, त्याचा उपयोग नाही. परत यायला नवा व्हिसा लागेल आणि तो तुम्हाला आक्रात बसून काढावा लागेल. भारतातून थोड्या दिवसांच्या कामासाठी येणाऱ्यांनी अर्ज करतानाच अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा मागावा आणि कंपनीच्या निमंत्रणपत्रात आक्राच्या फेरीचा उल्लेख करवून घ्यावा. तिथे राहून नोकरी करणाऱ्यांकडे निवास परवाना असतो, त्याला सगळे सेरपॅक म्हणतात. त्याची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण झाल्याशिवाय देशाबाहेर पडू नका. 'काम चालू आहे' एवढं कंपनीतल्या माणसाने तोंडी सांगितलं म्हणून निघू नका. मूळ कार्ड किंवा त्याची अधिकृत पावती स्वतःच्या हातात असावी. मे २०२५ पासून नायजेरियात उतरताना आणि निघताना भरायचं कार्डही ऑनलाइन भरावं लागतं. ते घरून भरून त्याची छापील प्रत जवळ ठेवा.

तिसरी गोष्ट पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं पुस्तक. घाना आणि नायजेरिया दोन्हीकडे ते लागतं. आक्राच्या विमानतळावर आरोग्य विभागाची माणसं ते खरोखर मागतात, आणि बहुतेकदा त्याआधी लागोसच्या काउंटरवरही ते पाहिलं जातं. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, हे विसरून आठवड्याभरावर प्रवास असताना धावपळ करणारे बरेच असतात. जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी ग्राह्य धरलं जातं. जुन्या पुस्तकावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी ते चालतं. भारतात ही लस ठरलेल्या सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, मुंबईत सहारच्या विमानतळ आरोग्य कार्यालयासारख्या ठिकाणी, आणि आधी वेळ घ्यावी लागते. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठीच्या पुढे असेल, तर डॉक्टरांशी आधी बोला. या पुस्तकाची गरज परत येतानाही आहे. पिवळ्या तापाच्या देशातून प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. म्हणून ते सामानात न टाकता पासपोर्टला रबर लावून एकत्र ठेवा. मलेरिया दोन्ही शहरांत बारमाही आहे. प्रतिबंधक गोळ्यांबद्दल निघण्याच्या काही आठवडे आधीच डॉक्टरांना विचारा, आणि परतल्यावर ताप आला तर आपण पश्चिम आफ्रिकेत होतो हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

रस्त्याने जावं का, असं बरेच जण विचारतात. नकाशावर तर सरळ किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता दिसतो, अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास. आठ तासांत होईल असं वाटतं. पण हा रस्ता चार देशांतून जातो : नायजेरिया, बेनिन, टोगो, घाना. मध्ये तीन सीमा, आणि प्रत्येक सीमेवर एक बाहेर पडण्याचा शिक्का, एक आत येण्याचा. एका बाजूच्या प्रवासात पासपोर्टवर सहा शिक्के. पासपोर्टची पानं संपत आली असतील तर रस्त्याचा विचार सोडूनच द्या. भारतीयांना बेनिन आणि टोगो या दोन्ही देशांचे व्हिसे वेगळे लागतात. ते ऑनलाइन मिळतात, पण नुसतं ओलांडून जायचं असलं तरी लागतातच.

लागोसच्या माइल टू भागातून बदाग्री रस्त्याने निघालं की सेमेची सीमा येईपर्यंत पोलीस, कस्टम आणि इमिग्रेशनच्या चौक्यांमागून चौक्या लागतात. सेमेला बस थांबते, सगळे खाली उतरतात. सामान काढून दाखवावं लागतं. पासपोर्ट घेऊन नायजेरियाच्या खिडकीशी उभं राहायचं, मग आरोग्याच्या टेबलाशी पिवळं पुस्तक उघडून दाखवायचं, मग बेनिनच्या खिडकीशी. भाषा तिथेच बदलते. या बाजूला इंग्रजी, त्या बाजूला फ्रेंच. आजूबाजूला पासपोर्ट मागणारी बरीच माणसं घुटमळत असतात, 'मी शिक्का मारून आणतो' म्हणतात. गणवेशातल्या, खिडकीमागच्या माणसाखेरीज कुणाच्याही हातात पासपोर्ट देऊ नका. कुणी किरकोळ पैसे मागितले तर आवाज न चढवता पावती मागा आणि आपल्या बसमधल्या लोकांच्या सोबत राहा. एकटा पडलेल्या परदेशी माणसाला जास्त वेळ थांबवलं जातं.

पुढे कोटोनू येतं. रस्ताभर झेमिजान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोटारसायकल टॅक्सींची गर्दी. मग विदाह आणि ग्रां-पोपो या गावांजवळून इलाकोंजीची सीमा. तिथे टोगोत शिरताना घड्याळ एक तास मागे जातं, कारण बेनिन लागोसच्या वेळेवर चालतं आणि टोगो आक्राच्या. बसमधून उतरून पुन्हा सगळं तसंच. लोमे शहर तर घानाच्या सीमेला अगदी चिकटून वसलेलं आहे. शहराच्या पश्चिम टोकाला सीमेचं फाटक, आणि पलीकडे आफ्लाओ. आफ्लाओपासून आक्रा सुमारे १९० किलोमीटर, वाटेत सोगाकोपेला व्होल्टा नदीचा पूल. बेनिन आणि टोगो दोन्हीकडे एकच सीएफए फ्रँक चालतो, पण नायजेरियाचा नायरा आणि घानाचा सेडी धरले तर तीन चलनं खिशात ठेवावी लागतात. नायरा आक्रात बदलून घेणं तोट्याचं जातं, म्हणून लागेल तेवढाच न्यावा.

लागोसहून आक्राला थेट जाणाऱ्या वातानुकूलित बसगाड्या आहेत, त्या पहाटे निघतात. सगळं सुरळीत झालं तर रात्री पोचतात, म्हणजे बारा ते चौदा तास. सीमेवर रांग लागली तर त्याहून जास्त. टप्प्याटप्प्याने शेअर टॅक्सी बदलत जाणं पैशाने स्वस्त, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने ते करू नये. शेवटची सीमा दिवसाउजेडी ओलांडता येईल असं पाहा. आणि निघण्याच्या आठवड्यात सीमा उघड्या आहेत का, याची खात्री करा. नायजेरियाने ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या जमिनीवरच्या सीमा मालवाहतुकीला बंद केल्या, त्या डिसेंबर २०२० मध्ये उघडायला लागल्या. घानाने करोनामुळे मार्च २०२० मध्ये बंद केलेल्या सीमा मार्च २०२२ च्या शेवटी उघडल्या. विमानं त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. आबिजान ते लागोस असा सहा पदरी, १,०२८ किलोमीटरचा महामार्ग बांधायचा करार वाटेतल्या पाच देशांनी २०१४ मध्ये केला. तो झाला तर या सगळ्या किनाऱ्याचं जगणं बदलेल असं मला मनापासून वाटतं, पण आजचा बेत आजच्या रस्त्यावर आखायला हवा. वेळ हाताशी असेल, फ्रेंच थोडी येत असेल आणि वाटेत विदाह, लोमे इथे थांबायची इच्छा असेल, तर रस्त्याने जरूर जा, तीन-चार दिवस काढून जा. कामासाठी जायचं तर विमानच.

विमानाचं भाडं अंतराच्या मानाने महाग वाटेल. त्यामागे कारणं आहेत. या भागात विमानतळ शुल्क, सुरक्षा शुल्क, सरकारी कर यांचा वाटा तिकिटात मोठा असतो, आणि अंतर कितीही कमी असलं तरी ते पूर्ण लागतात. आफ्रिकेतली आकाशं एकमेकांच्या विमान कंपन्यांना खुली करण्याचा निर्णय १९९९ मध्ये यामूसुक्रोला झाला. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून जानेवारी २०१८ मध्ये आफ्रिकन संघाने एकच हवाई बाजारपेठ जाहीर केली. पण देशादेशांमधले परवाने अजून सावकाशच सुटतात. पश्चिम आफ्रिकेच्या आर्थिक समुदायाने डिसेंबर २०२४ मध्ये ठरवलं की २०२६ च्या सुरुवातीपासून हवाई प्रवासावरचे कर काढायचे आणि शुल्कं पाव हिश्श्याने कमी करायची. तिकीट काढताना मूळ भाडं आणि कर वेगळे दाखवलेले असतात, ते पाहून घ्या. दोन कंपन्यांच्या भाड्यात फरक दिसला, तर तो सामानाच्या मुभेतून आला आहे का तेही तपासा. या मार्गावर पन्नास आसनांची छोटी जेटही उडतात. त्यांच्यात जागा कमी, आणि वजन जास्त झालं तर बॅग पुढच्या विमानाने येते. औषधं, कागद, एक दिवसाचे कपडे हातातल्या पिशवीतच ठेवा.

लागोस-आक्रा या जोडीचं एक बरं आहे, की दोन्ही शहरं मोठी असल्याने थेट उड्डाणं मिळतात. हीच गोष्ट बाकीच्या जोड्यांना लागू होत नाही. लागोस ते डाकार हवाई अंतर सुमारे २,४०० किलोमीटर, म्हणजे थेट विमान असेल तर साडेतीन तास. पण थेट विमान त्या दिवशी नसलं तर लोमे किंवा आबिजानला बदलावं लागतं आणि अख्खा दिवस जातो. लोमेला २०१० मध्ये सुरू झालेल्या आस्काय या कंपनीचा तळ आहे, तिथून आजूबाजूच्या बऱ्याच राजधान्यांना विमानं सुटतात. अशा जोड्यांसाठी अंतराचा आकडा पाहण्याआधी आठवड्यातल्या कोणत्या वारी थेट विमान आहे ते पाहा, आणि कामाची तारीख त्याप्रमाणे ठरवा.

ऋतूंचाही विचार करावा लागतो. नोव्हेंबरअखेरपासून मार्चपर्यंत सहाराकडून हरमॅटन नावाचा कोरडा वारा येतो आणि हवेत बारीक धूळ भरून राहते. सकाळी धावपट्टी दिसेनाशी होते, विमानं थांबून राहतात. एप्रिल ते जुलै आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागोसला मुसळधार पाऊस आणि गडगडाटी वादळं होतात. पावसापेक्षा त्या वादळांमुळे उशीर होतो, आणि ती दुपारनंतर जास्त असतात. हेही सकाळचं विमान घ्यायचं एक कारण. आक्रात पाऊस लागोसच्या जवळपास निम्माच पडतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत परदेशात राहणारे घानायन आणि नायजेरियन लोक सुट्टीला येतात, दोन्ही शहरांत गाण्याबजावण्याचे मोठे कार्यक्रम असतात. 'डेटी डिसेंबर' म्हणतात त्याला. त्या दिवसांत तिकीट कित्येक पटींनी महागतं. काम पुढेमागे करता येत असेल तर ते दिवस टाळा.

जागा निवडता आली तर जाताना उजवीकडची खिडकी घ्या. लागोस ते आक्रा सरळ रेषा काढली तर ती कोटोनूच्या डोक्यावरून जाते, तिथून पुढे समुद्रावर उतरते, आणि किनारा उजव्या हाताला दहा-पंधरा किलोमीटरवर राहतो. विमान नेमकं त्याच रेषेत जातं असं नाही, पण हवा स्वच्छ असेल तर वाळूचा लांबच लांब पट्टा, त्यामागची खाजणं आणि लोमे शहर दिसतं. केटाजवळ विमान पुन्हा जमिनीकडे येतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला केटाचं प्रचंड खाजण, आणि मध्ये अरुंद पट्टीवर वसलेली गावं. मग व्होल्टाचं मुख. उतरण्याच्या थोडं आधी तेमा बंदराजवळ ग्रीनिचची शून्य रेखांशाची रेषा ओलांडली जाते. परतीला हे सगळं डावीकडे.

भारतातून थेट येणाऱ्यांसाठी एक शेवटचा मुद्दा. मुंबई ते लागोस हवाई अंतर साडेसात हजार किलोमीटरहून थोडं जास्त आहे. अदिस अबाबा किंवा आखाती देशांतून विमान बदलून जाता येतं. अदिसमार्गे गेलात तर मुंबई ते अदिस साडेपाच-सहा तास, आणि तिथून लागोसला पाच आणि आक्राला सहा तासांच्या आसपास. दोन्ही शहरांत काम असेल, तर मुंबई-लागोस-मुंबई असं तिकीट काढून मध्ये लागोस-आक्रा-लागोस वेगळं तिकीट घालू नका. त्यात नायजेरियाचा दुसरा प्रवेश लागतो. आक्राचं परतीचं विमान उशिरा आलं तर मुंबईचं विमान चुकतं, आणि दोन तिकिटं वेगळी असल्याने कुणी जबाबदारी घेत नाही. त्याऐवजी लागोसला जाण्याचं आणि आक्राहून परतण्याचं असं एकच तिकीट मागा. बहुतेक मोठ्या कंपन्या ते देतात, आणि भाड्यात बहुतेकदा फार फरक पडत नाही. मधला लागोस-आक्रा टप्पा तेवढा एकतर्फी वेगळा घ्या, आणि तो मुंबईच्या विमानाच्या किमान दोन दिवस आधीचा असू द्या. आक्राच्या काउंटरवर बॅग देताना टॅगवर शेवटचं ठिकाण म्हणून मुंबई छापलं आहे ना, ते तिथून हलण्याआधी वाचून घ्या.